नागपूरच्या मे महिन्यात सोमेन: गोळा का होतो आणि काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाने जपानहून सोमेनची पेटी आणली. आत फितीने बांधलेल्या, पांढऱ्या, अगदी बारीक नूडल्सच्या जुड्या. दोनदा करून पाहिल्या, दोन्ही वेळा चिकट गोळा झाला. घरात मासे चालत नाहीत, त्यामुळे बुडवून खायच्या सॉसचंही अडलंय. आणि हे सगळं नागपुरात, ऐन मे महिन्यात.

मी नऊ वर्षं जपानातल्या हिमेजी शहरात नूडल्सच्या एका छोट्या दुकानात काम केलं. तिथून जवळच इबो नदीकाठी तात्सुनो आहे. सोमेन आणि फिकट रंगाचा सोया सॉस, या दोन गोष्टींसाठी ते गाव जपानभर माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दुसरं फारसं काही खपत नसे, नुसते सोमेन. तेव्हा किती जुड्या धुतल्या त्याची मोजदाद नाही. शिजवल्या न म्हणता धुतल्या म्हणतोय ते मुद्दाम. सोमेन शिजायला दीड मिनिट लागतं, ते कुणालाही जमतं. तुमचं जे बिघडतंय ते त्याच्या पुढच्या तीन मिनिटांत.

आधी हातात काय आहे ते बघू. आपल्याकडे पाटावर हाताने शेवया करून काठीवर वाळत घालायचे ते आठवत असेल, तर सोमेन समजायला वेळ लागणार नाही. गव्हाचं पीठ, मीठ, पाणी. त्या कणकेचा दोर करायचा, त्याला तेलाचा हात लावायचा, दोन काठ्यांभोवती आठाच्या आकड्यासारखा गुंडाळायचा, मुरू द्यायचा, ओढायचा, पुन्हा मुरू द्यायचा, पुन्हा ओढायचा. असं करत करत दोर केसाच्या वाटेला लागतो. हे काम थंडीतलं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. हाताने ओढलेल्या सोमेनला ‘तेनोबे’ म्हणतात. काठीवरून वाकलेली टोकं शेवटी कापून काढतात आणि ती वेगळी, स्वस्तात विकतात. आमच्या दुकानात ती सकाळच्या मिसो सूपमध्ये जात.

तुमच्या पेटीवर ‘इबो नो इतो’ असं नाव असेल तर फितीचा रंग बघा. लाल फीत म्हणजे नेहमीचा माल, जाडी 0.7 ते 0.9 मिलिमीटर. काळी फीत म्हणजे त्याहून बारीक, 0.65 ते 0.7. एक जुडी 50 ग्रॅमची, लाल फितीत साधारण 400 धागे. काळी फीत असेल तर पहिला प्रयोग तिच्यावर करू नका, ती चूक माफ करत नाही. पेटीवर ‘हिने’ असं लिहिलं असेल तर तो माल वर्षभर किंवा जास्त कोठारात मुरवलेला आहे. आपण जुना तांदूळ शोधतो ना, भात मोकळा होतो म्हणून? तोच हिशोब. जुन्या सोमेनला चावा चांगला येतो.

आता गोळ्याकडे. दोर ओढताना तुटू नये म्हणून कणकेत भरपूर मीठ असतं आणि धागे सुकू-चिकटू नयेत म्हणून वरून तेल. ही दोन्ही करणाऱ्याच्या सोयीची आहेत, खाणाऱ्याच्या नाहीत. ताटात येण्याआधी दोन्ही निघून जायला हवीत, आणि त्यांच्याबरोबर उकळताना सुटलेली खळही. ती निघाली नाही तर धाग्यांवर एक बुळबुळीत थर राहतो आणि पाच मिनिटांत सगळं एकजीव होतं. त्यामुळे उकळत्या पाण्यात मीठ टाकू नका, ते आधीच आत आहे. तेलही टाकू नका, ज्याला घालवायचंय त्यालाच पुन्हा बोलावण्यात काय अर्थ? तुम्ही दोन्ही टाकलं असणार असा माझा अंदाज आहे. मॅगीच्या किंवा हक्का नूडल्सच्या सवयीने सगळेच टाकतात.

नागपूरची खरी अडचण मात्र पाण्याची आहे. हिमेजीत नळ सोडला की थंड पाणी. तुमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात सोमेन धुणं म्हणजे ते आणखी थोडे शिजवणं. पुण्यात परतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात माझंही हेच झालं. नऊ वर्षांचा हात आणि पातेल्यात लापशी! आता मी आदल्या रात्री दोन मोठी पातेली भरून पाणी फ्रिजमध्ये ठेवतो, माठ भरलेला असतो आणि बर्फाचे दोन ट्रे तयार असतात. टाकीच्या पाण्याला फक्त पहिली खळबळ करायची परवानगी, आणि तीही सकाळी लवकर भरून सावलीत ठेवलेल्या बादलीतली.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे बोअरचं पाणी. ते जड आणि बहुधा अल्कधर्मी असतं, अशा पाण्यात गव्हाच्या नूडल्सची खळ जास्त सुटते. दोन लिटरला अर्धा चमचा लिंबाचा रस टाका, आंबट चव लागणार नाही. जपानी घरांतून याच कामासाठी पाण्यात एक उमेबोशी टाकतात, म्हणजे खारवलेलं आंबट फळ.

करायला घ्याल तेव्हा दोन माणसांसाठी चार जुड्या, म्हणजे 200 ग्रॅम, आणि किमान दोन लिटर पाणी. त्याहून जास्त एका वेळी नको. घरचा गॅस तेवढी उकळी टिकवू शकत नाही, आणि उकळी मोडली की धागे तळाशी बसून एकमेकांना धरतात. फिती आधी सोडून ठेवा. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण उकळत्या पाण्यावर हात धरून कागदाची फीत सोडताना मी लोक बघितलेत. पाणी खळखळलं की जुड्या पंख्यासारख्या पसरून सोडा, चॉपस्टिकने किंवा चिमट्याने एकदा सैल करा आणि मग ढवळणं बंद. फेस वर आला तर आच जरा कमी करा. वरून गार पाणी ओतायची जुनी पद्धत आहे, तिच्यामागचं कारण चुलीची आच पटकन कमी करता येत नसे हे. तुमच्याकडे गॅसला बटण आहे. दीड मिनिटाला एक धागा काढून, गार पाण्यात बुडवून चावा. उकळत्यातला तोंडात घातला तर तो कायम जास्त शिजल्यासारखा लागतो, आणि मग माणूस घाबरून कच्चेच उतरवतो. गार केलेल्या धाग्यात मधोमध कडकपणा नसेल तर झालं.

गॅस बंद करून पातेलं तसंच ठेवू नका. लगेच मोठ्या चाळणीत ओता आणि वरून पाणी सोडा. पहिलं पाणी वाफ काढण्यापुरतं, यात हात घालू नका. गरम धागा नाजूक असतो, तुटतो, आणि बोटंही भाजतात. पाणी टाका, चाळणी हलवा, पाणी जाऊ द्या. दुसऱ्या पाण्यात, सोमेन कोमट झाले की, दोन्ही हात घाला आणि चोळा. पालेभाजी धुताना हात फिरवतो तेवढ्याने काम होत नाही. मळका रुमाल दोन तळव्यांत धरून चोळतो तसं. माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक सगळे इथे कचरतात, इतकी बारीक वस्तू तुटेल म्हणून. गार झालेला सोमेन तुटत नाही, करून बघा. पाणी दुधाळ होईल, ते फेका. तिसरं पाणी माठातलं, पुन्हा चोळा. हाताला जी बुळबुळ लागत होती ती एका क्षणी जाते आणि धागे बोटांखाली करकरीत लागायला लागतात. ओल्या काचेवर बोट घासल्यासारखं. हीच खूण. घड्याळ बघू नका, पाण्याचा रंगही बघू नका, बोटांना विचारा.

मग शेवटचं बर्फाचं पाणी, दहा-पंधरा सेकंद. यात धागा आवळतो. नूडलच्या या ताठपणाला जपानीत ‘कोशी’ म्हणतात, शब्दशः कंबर. कंबर मोडलेला सोमेन परत पाठवणारी म्हातारी गिऱ्हाइकं आमच्याकडे होती, आणि ती बरोबर असायची. बर्फातून काढून चाळणीत तळव्याने हलकेच दाबून पाणी निथळा. हे राहिलं तर सगळं पाणी सॉसमध्ये उतरतं आणि तिसऱ्या घासाला सॉस पाणचट होतो.

काचेच्या वाडग्यात बर्फाच्या पाण्यात तरंगणारे सोमेन फोटोत सुंदर दिसतात. नागपुरात तसे वाढू नका. पाण्यात पडून ते फुगत राहतात आणि बर्फ तुमच्याकडे किती टिकणार? बांबूची चटई किंवा साधी स्टीलची चाळणी घ्या, तिच्यावर दोन बोटांना गुंडाळून एकेका घासाच्या लहान लहान वेटोळ्या मांडा, खाली ताटात थोडा बर्फ ठेवा. उचलताना गुंता होत नाही. आणि माणसं आधी पाटावर बसलेली हवीत. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, तेवढीच घाई इथेही आहे.

आता सॉस. याला त्सुयु म्हणतात, आणि तो आदल्या दिवशीच करायचा. तयार बाटल्या मिळतात, पण जवळजवळ सगळ्यांत कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला आणि धुरी दिलेला मासा असतो. तुमच्या घरात ते चालणार नाही. पण शाकाहारी त्सुयु ही तडजोड समजू नका. जपानी बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत शतकानुशतकं कोम्बु आणि सुक्या शिताके मशरूमच्याच पाण्यावर सगळं चालत आलंय. कोम्बु हे समुद्री शेवाळ आहे. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या तोक्योच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. शिताकेत ग्वानिलेट असतं. ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा बरीच वर जाते.

500 मिलिलिटर पाण्याला 5 ते 6 ग्रॅम कोम्बु आणि तीन-चार सुके शिताके. पाणी शक्यतो फिल्टरचं, कारण जड पाण्यात कोम्बुचा रस नीट उतरत नाही. कोम्बुवर पांढरी भुकटी दिसेल, ती बुरशी नाही. नळाखाली धरून घासू नका, तिच्यात चव आहे. ओल्या फडक्याने नुसती धूळ टिपा. दोन्ही वस्तू पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात शिताके अर्ध्या तासात मऊ होतात हे खरं, पण चव थंड आणि सावकाश भिजण्यातूनच येते. सकाळी मंद आचेवर ठेवा. कडेला बुडबुडे दिसायला लागले, उकळी अजून फुटली नाही, तेवढ्यात कोम्बु काढा. उकळला की चिकट आणि समुद्राच्या वासाचा होतो. शिताके आणखी चार मिनिटं उकळू द्या, मग काढून पिळा. हे पाणी म्हणजे दाशी.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: चार वाटे दाशी, एक वाटा सोया सॉस, एक वाटा मिरिन. म्हणजे 400 मिलिलिटरला 100 आणि 100. मिरिन ही तांदळाची गोड मद्यासारखी वस्तू, साधारण 14 टक्के अल्कोहोल असतं. ती आधी एकटी उकळून घ्यायची, मग सोया, मग दाशी, पुन्हा एक उकळी आणि गार. घरात ते नको असेल तर तीन मोठे चमचे साखर आणि 50 मिलिलिटर पाणी घाला. चकाकी आणि मागची गोडी थोडी कमी येते, एवढंच. गूळ घालायचा मोह होईल. मी घालून पाहिला, आमटी झाली.

सोया सॉसबाबत मी हट्टी आहे. चायनीजच्या गाडीवरचा काळाकुट्ट, कॅरॅमल घातलेला सॉस इथे चालणार नाही. बाटलीवर घटक वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, आणि नैसर्गिकरीत्या आंबवलेला. या पदार्थात तीनच गोष्टी आहेत, लपायला जागा नाही.

मासे चालणाऱ्या वाचकांसाठी एक टीप, कारण कोकणातून हा प्रश्न हमखास येतो: सुकी मांदेली वापरली तर? जपानमध्ये नुसत्या छोट्या सुक्या माशांची दाशी करतात हे खरं, पण ते मासे मिठाच्या पाण्यात उकळून मग सुकवलेले असतात. आपली मांदेली कच्चीच उन्हात वाळते. मी करून पाहिलं. दाशी झाली नाही, घरात मात्र दोन दिवस बाजार भरला होता.

पिळून ठेवलेले शिताके टाकू नका. पातळ चिरून दोन चमचे सोया, दोन चमचे साखर आणि थोड्या दाशीत आटवा. सोमेनवर ठेवायची ही सगळ्यात जुन्या वळणाची गोष्ट, आणि शाकाहारी ताटाला वजन येतं. बाकी वर घालायच्या तोंडीलावण्याला ‘याकुमी’ म्हणतात: किसलेलं आलं, बारीक चिरलेली कांद्याची पात, भाजलेले तीळ, शिसो या सुवासिक जपानी झुडपाची पानं, म्योगा. शेवटची दोन इथे मिळणं कठीण. म्योगा आल्याच्याच कुळातली कोवळी कळी, तिच्या जागी मी आंबेहळद किसून घालतो. चव तीच नाही, पण त्सुयुच्या गोडसर खारटपणाला ती जिथे छेद देते ती जागा तीच आहे. शिसोऐवजी कोथिंबीर घालू नका, ती सगळ्यांवर बसते. काकडी चालेल, तीही अगदी बारीक उभी चिरून. घरात थायरॉइडचा त्रास असणारं कुणी असेल तर कोम्बुत आयोडीन फार जास्त असतं, डॉक्टरांना विचारून घ्या.

त्सुयु वाटीत थोडाच घ्या, बोटभर. सोमेनची वेटोळी अर्धी बुडवा आणि सुर्रकन ओढा. आपल्याकडे आवाज करून खाणं वाईट समजतात हे मला माहीत आहे, पण आवाजाबरोबर हवा आत जाते आणि आल्याचा वास नाकात चढतो. घरात आहात, दार लावून घ्या.

तुम्ही विचारलंय की एका व्हिडिओत याच नूडल्सवर अंडं, काकडी, हॅम आणि आंबटगोड सॉस घातलेला होता, तो खरा की हा. तो वेगळा पदार्थ, हियाशी चूका. त्याचा जन्म 1930 च्या दशकातला. तोक्योच्या जिम्बोचो भागातलं एक आणि सेन्दाईतलं एक, अशी दोन चिनी उपाहारगृहं त्यावर हक्क सांगतात. त्याला रामेनच्या पिवळ्या नूडल्स लागतात. त्यांच्या कणकेत ‘कान्सुइ’ नावाचा खार असतो, आपल्या पापडखाराचाच भाऊ. हळदीला चुना लागला की लाल होते ना, तसाच या खाराने गव्हातला न दिसणारा रंग पिवळा उठतो. त्या खारानेच त्या नूडल्सना रबरी ताण येतो आणि तीळतेल-व्हिनेगरचा सॉस त्या पेलतात. सोमेन तो सॉस पिऊन दोन मिनिटांत लुळे पडतात. करू नका.

एक अवांतर. जपानमध्ये उन्हाळ्याच्या भेटी म्हणून सोमेनच्या पेट्या घरोघरी फिरतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत मुलं ‘परत सोमेन?’ म्हणून कुरकुरायला लागतात. आणि पंख्याखाली बसून ‘काही नको, सोमेनच चालेल’ म्हणणाऱ्या नवऱ्यांवर तिथल्या बायकांचा राग आहे. आपल्याकडे ‘काही नको, नुसतं पिठलं टाक’ म्हणणारे असतात तेच हे. 35 अंशांच्या दमट दुपारी दोन लिटर पाणी खळखळवून त्याच्यासमोर उभं कोण राहणार? नागपुरात तर सकाळी आठला करा आणि नाश्त्यालाच खा. मी एप्रिलपासून तेच करतो.

उरलेले शिजवलेले सोमेन पुन्हा मोकळे होत नाहीत, नाद सोडा. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात चपटे दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, वरून त्सुयुचे चार थेंब. मुलांना हे मूळ पदार्थापेक्षा जास्त आवडतं, माझ्या घरी तरी. त्सुयु फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, मासे नसल्यामुळे वास बदलला की लगेच कळतं.

उरलेल्या जुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पण मसाल्याच्या कपाटात नको. सोमेन वास ओढून घेतात. पुण्यातली माझी पहिली पेटी गोडा मसाल्याच्या बरणीशेजारी पावसाळाभर राहिली होती. जुनी झाली म्हणजे हिने झाली असेल, या आशेने मी ती दिवाळीत उघडली. चावा उत्तम होता. चव मात्र थेट भरल्या वांग्याची.